उद्यानातील शिळा व गॅबियन भिंती

उद्यानाच्या आखणीत न घडविलेल्या नैसर्गिक शिळांचा, तसेच तारेच्या पिंजऱ्यांत दगड भरून उभारलेल्या भिंतींचा उपयोग. पायऱ्या, कठडे, कारंज्यांची कुंडे यांसारखे घडीव दगडाचे काम वास्तुकलेच्या कक्षेत येते. येथे विचार केला आहे तो अनघड दगडाचा. भूविज्ञानात २५६ मिमी.पेक्षा अधिक व्यासाच्या सुट्या दगडास धोंडा आणि ६४ ते २५६ मिमी. व्यासाच्या दगडास गोटा म्हणतात. उद्यानात धोंडा एकेकटा वा लहान समूहात दर्शनी मांडला जातो. गोटा व डबर हे एरवी पायाभरणीत वा गटारात दडून जाणारे दगड. गॅबियनमुळे त्यांना भिंतीचे रूप मिळते. दोन्ही प्रकारांत चुना वा सिमेंट लागत नाही. दगड स्वतःच्या वजनावर उभा राहतो आणि त्याच्या फटींतून पाणी वाहून जाते. या दोन गुणांकडे लक्ष देऊन केलेले काम टिकते. केवळ शोभेसाठी केलेले काम बहुधा दोन-चार पावसाळ्यांतच उघडे पडते.

इतिहास : शिळेला उद्यानाचे मुख्य अंग मानण्याची परंपरा चीन व जपान या देशांत सर्वांत जुनी व सलग आहे. चीनमध्ये ताई हू सरोवरातील चुनखडकाला विशेष मान होता. पाण्याने झिजून त्यात आरपार भोके व वळणे पडलेली असतात. सूजो येथील उद्यानांत असे दगड आजही पहावयास मिळतात. सुंग वंशातील सम्राट ह्वेइत्सुंग (कार. ११००–२६) याने कायफंग या राजधानीत गन्‌यूए नावाचे प्रचंड उद्यान उभारले. त्यासाठी दक्षिणेकडून जलमार्गाने शिळा व झाडे आणविण्याची सक्तीची व्यवस्था बसविण्यात आली. मोठ्या शिळा पुढे नेण्यासाठी वाटेतील पूल व तटबंदीचे भाग पाडले गेले. या वेठीमुळे दक्षिणेत जो असंतोष माजला, तो ११२० मधील फांग ला याच्या बंडाचे एक प्रमुख कारण ठरला. पुढे जुर्चेन सैन्याने राजधानीस वेढा घातला, तेव्हा याच उद्यानातील शिळा फोडून त्यांचे तुकडे दगडफेकी यंत्रांसाठी वापरण्यात आले. उद्यानातील दगड कोठून व कोणत्या किंमतीस येतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

जपानमध्ये ‘साकुतेइकी’ हा अकराव्या शतकातील ग्रंथ उद्यानरचनेवरील सर्वांत जुन्या ग्रंथांपैकी एक मानला जातो. तो ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–९४) या सरदाराने लिहिला, असे सामान्यतः समजतात. उद्यान रचणे म्हणजे मुख्यतः शिळा बसविणे, अशीच त्याची भूमिका आहे. मूळ जागी आडवी असलेली शिळा उभी करू नये आणि उभी असलेली आडवी करू नये, असा निषेध त्यात सांगितला आहे. त्याला तेथे शुभाशुभाचे रूप दिलेले असले, तरी त्यामागचे निरीक्षण अचूक आहे : दगडाची झीज, त्यावरील डाग व थरांची दिशा ही त्याच्या मूळ स्थितीशी निगडित असतात आणि ती बदलली की दगड ‘आणून ठेवलेला’ दिसतो. क्योटो येथील र्‍योआन-जी मंदिराच्या अंगणात पांढऱ्या खडीवर पाच समूहांत १५ शिळा मांडल्या आहेत. ओसरीवर कोठेही बसले तरी त्यांपैकी एक तरी शिळा दृष्टीआड राहते. शिळांच्या पायथ्याचे शेवाळ सोडल्यास या अंगणात वनस्पती नाही.

यूरोपात मात्र दगड आला तो वनस्पतींच्या निमित्ताने. लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानात १७७३ मध्ये रचलेल्या दगडी तळ्याच्या बांधणीत टॉवर ऑफ लंडनमधील जुने दगड आणि सर जोसेफ बँक्स यांच्या जहाजातून नीरम म्हणून आलेला आइसलँडचा लाव्हा वापरला आहे. एकोणिसाव्या शतकात आल्प्स पर्वतावरील वनस्पती वाढविण्याचा छंद पसरला व त्याबरोबर शैलोद्यानेही वाढली. रेजिनल्ड फारर यांच्या लेखनाने, विशेषतः ‘माय रॉक गार्डन’ (१९०७) या पुस्तकाने, शैलोद्यानाला शिस्त आणली. दगडांची केवळ रास म्हणजे शैलोद्यान नव्हे, हे त्यांनी उपहासाने पटवून दिले. परंतु या छंदापायी उत्तर इंग्लंडमधील पाण्याने झिजलेले चुनखडकाचे उघडे पृष्ठभाग इतके उखडले गेले की, १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर अधिनियमान्वये त्यांना कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. चंडीगढ येथे नेकचंद यांनी निर्मिलेले व १९७६ मध्ये जनतेस खुले झालेले ‘रॉक गार्डन’ याच नावाने ओळखले जात असले, तरी त्याची ख्याती फुटक्या चिनी मातीच्या व इतर टाकाऊ वस्तूंच्या शिल्पांमुळे आहे. रूढ अर्थाने ते शैलोद्यान नव्हे.

गॅबियनचा उगम उद्यानात नसून नदीकाठी व रणांगणात आहे. चीनमधील सेचवान प्रांतात ली बिंग याच्या देखरेखीखाली इ. स. पू. तिसऱ्या शतकात झालेल्या डूजियांगयान या पाटबंधाऱ्याच्या कामी बांबूच्या लांब पिंजऱ्यांत गोटे भरून प्रवाह वळविण्यात आला. जपानमध्ये अशाच पिंजऱ्यांना ‘जाकागो’ (सर्पाकृती करंडी) म्हणतात. ‘गॅबियन’ हा शब्द मोठा पिंजरा या अर्थाच्या ‘गॅबिओने’ या इटालियन शब्दावरून आला आहे. यूरोपीय युद्धांत तोफांच्या आडोशासाठी वेताच्या वा फोकांच्या उभ्या करंड्यांत माती भरीत. तारेच्या जाळीचा आधुनिक गॅबियन इटलीत बोलोन्याजवळ कासालेक्यो येथे रेनो नदीवरील बांधाच्या दुरुस्तीत १८९३-९४ च्या सुमारास प्रथम वापरला गेला. महाराष्ट्रात ओघळी व नाल्यांवरील मृद्‌संधारणाच्या कामांमुळे ‘गॅबियन बंधारा’ हा शब्द खेड्यापाड्यांत चांगला रुळला आहे; उद्यानात तो नंतर आला. स्वित्झर्लंडचे वास्तुशिल्पी हर्झॉग व द मरोन यांनी कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात १९९० नंतरच्या दशकात बांधलेल्या डॉमिनस मद्यनिर्मितीगृहाच्या बाह्य भिंती स्थानिक बेसाल्ट भरलेल्या गॅबियनच्या आहेत. तेव्हापासून या प्रकाराकडे वास्तुशिल्पींचे लक्ष वेधले गेले.

दख्खनचा दगड : महाराष्ट्राचा बहुतेक भाग सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसाल्टने व्यापलेला आहे. लोकव्यवहारात त्यास काळा दगड वा काळा पाषाण म्हणतात. उद्यानकामाच्या दृष्टीने त्याचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. घट्ट, एकजीव बेसाल्ट जड व टिकाऊ असून त्याचे विशिष्ट गुरुत्व २.८ ते २.९ च्या आसपास असते. दुसऱ्या प्रकारात वायूच्या पोकळ्या असून त्यांत पांढरी खनिजे भरलेली दिसतात. हा दगड नव्याने काढल्यावर आकर्षक वाटतो; तथापि तो तुलनेने लवकर झिजतो व त्याचा मुरूम होतो. पिंजऱ्यात भरण्यास तो घेऊ नये. दगडावर घण मारल्यावर खणखणीत आवाज यावा, ही कारागिरांची जुनी कसोटी आजही पुरेशी आहे.

बेसाल्टमधील उभ्या-आडव्या संधींतून पाणी झिरपून खडकाचे कोपरे आधी कुजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे थर सुटत जाऊन मध्ये गोलसर गाभा उरतो. रस्त्यासाठी डोंगर कापला असता पिवळट मुरुमात रुतलेले काळे गोल धोंडे दिसतात, ते हेच. उद्यानासाठी दख्खनमध्ये मिळणारी ही उत्तम शिळा होय. सुरुंगाने फोडलेल्या दगडाच्या कडा धारदार व रंग करडा-निळसर असतो, त्यावर छिद्रणाच्या खुणा राहतात आणि त्याला तपकिरी कांती येण्यास बराच काळ लागतो. कोकणात व सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा आढळतो [→ जांभा खडक]. तो सच्छिद्र असल्याने पावसाळ्यात त्यावर शेवाळ व नेचे झपाट्याने धरतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नांदेड व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या काही भागांत ग्रॅनाइट व पट्टिताश्म मिळतात. एकाच उद्यानात काळा दगड, जांभा व परप्रांतातून आणलेला पांढरा गोटा एकत्र करण्याची प्रथा अलीकडे फार दिसते. एकाच जातीचा दगड लहानमोठ्या आकारांत वापरला, तर जमिनीतून खडक वर आल्याचा भास होतो. मिश्रणातून तो कधीच होत नाही.

शिळांची मांडणी : शिळा निवडताना नवख्या माणसाची चूक होते ती वजनाच्या अंदाजात. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते. ६० सेंमी. व्यासाचा गोल बेसाल्ट धोंडा सु. ३०० किग्रॅ. भरतो व तो चार माणसे पहारींनी सरकवू शकतात, १.२ मी. व्यासाचा धोंडा सु. अडीच टनांचा असून त्यास यारीच लागते. म्हणून मोठ्या शिळा भिंती, फरसबंदी व लागवड यांच्या आधी बसवाव्या लागतात. उचलताना साखळीऐवजी रुंद कापडी पट्टे वापरतात, अन्यथा दगडावरील शैवाक (दगडफूल वर्गातील सजीव) खरवडले जाऊन पांढरे ओरखडे वर्षानुवर्षे राहतात.

शिळा जमिनीवर ठेवावयाची नसून जमिनीत बसवावयाची असते. तिच्या उंचीचा एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश भाग, उभट शिळेचा त्याहूनही अधिक, मातीखाली जातो. सर्वांत रुंद घेर मातीच्या पातळीस वा तिच्याखाली आला म्हणजे शिळा स्थिर दिसते व खरोखरीच स्थिर राहते. त्यामुळे दगडाचा बराच भाग ‘वाया’ जातो, अशी मालकाची तक्रार असते. पण मातीवर टेकलेला संपूर्ण धोंडा आणि मातीतून डोकावणारा अर्धा धोंडा यांतील फरक एकदा पाहिला की ती मावळते. समूहात एक शिळा प्रमुख ठेवून इतर तिच्याकडे झुकत्या, थरांची दिशा एकच ठेवून बसवितात. काळ्या कापसाच्या जमिनीत अधिक काळजी लागते. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर ठेवलेली शिळा हळूहळू कलते. तेथे माती मुरूम लागेपर्यंत काढून खड्ड्यात डबर व मुरुमाचा थर धुम्मस करावा लागतो. विदर्भ व मराठवाड्यात आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते : काळा दगड दिवसभर ऊन शोषतो व सायंकाळनंतरही उष्णता सोडीत राहतो. बैठकीच्या पश्चिमेस मोठ्या उघड्या शिळा ठेवल्यास ती बैठक वैशाखात निरुपयोगी होते.

गॅबियन भिंत : ही गुरुत्वाधार भिंत आहे, म्हणजे मागील मातीचा रेटा ती केवळ आपल्या वजनाने पेलते. विटांच्या वा काँक्रीटच्या आधारभिंती पुष्कळदा मातीच्या रेट्याहून तिच्यामागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने कोसळतात. गॅबियनमध्ये ३० ते ४० टक्के जागा पोकळ असल्याने पाणी साठतच नाही. शिवाय ती लवचिक असते. पाया काहीसा खचला तरी भिंत तडकत नाही, वाकून बसते. म्हणून चिकणमातीच्या व भरावाच्या जमिनीत तिचा विशेष उपयोग होतो.

जाळी दोन प्रकारची असते. विणलेल्या षट्‌कोनी जाळीत शेजारच्या तारांना दुहेरी पीळ दिलेला असतो, त्यामुळे एखादी तार तुटली तरी वीण उसवत नाही. तिच्या घराचे माप सामान्यतः ८० × १०० मिमी. व तारेची जाडी २.७ मिमी. असते. दुसऱ्या प्रकारात जाड तारा झाळून चौकोनी घरे केलेली असतात. ही जाळी ताठ असल्याने भिंतीची दर्शनी बाजू सपाट राहते व उद्यानात तीच अधिक पसंत केली जाते. मात्र लवचिकपणा कमी होतो. कुंपणाची साधी साखळीजाळी यांपैकी कशाचीच जागा घेऊ शकत नाही, तरी किंमत कमी म्हणून ती सर्रास वापरलेली दिसते. एक तार तुटताच ती उसवत जाते. तारेवर जस्ताचा, किंवा जस्त व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचा जाड लेप हवा. समुद्रकाठी खाऱ्या हवेमुळे त्यावर प्लॅस्टिकचे आवरणही आवश्यक ठरते. भारतात विणलेल्या जाळीच्या गॅबियनांसाठी आयएस १६०१४ हे मानक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

भरावयाचा दगड १०० ते २०० मिमी.चा घेतात. तो घरातून निसटेल इतका लहान नसावा आणि पोकळ्या राहतील इतका मोठाही नसावा. २ × १ × १ मी. मापाच्या पिंजऱ्यात बेसाल्ट भरल्यावर त्याचे वजन साडेतीन टनांच्या आसपास जाते. यावरून पाया किती कठीण हवा, याची कल्पना येईल. काम सुरू करताना रिकामे पिंजरे जागेवर मांडून एकमेकांना त्याच प्रतीच्या तारेने शिवून घेतात. सळया बांधण्याची साधी बांधणीतार येथे वापरल्यास ती प्रथम गंजते व सगळा सांधा सुटतो. दर्शनी बाजूस लाकडी फळ्यांचा तात्पुरता आधार देऊन सु. ३० सेंमी.च्या थरांनी दगड भरतात. पहिल्या व दुसऱ्या थरानंतर पुढील व मागील जाळी आडव्या ताणतारांनी जखडतात. हा टप्पा गाळला की भिंतीला पोट सुटते आणि ते नंतर कशानेही आत जात नाही. दर्शनी दगड हातानेच रचावे लागतात. सपाट अंग बाहेर, सांधा मोडलेला आणि फटींत चिपा ठोकलेल्या, अशी ही रचाई कोकणातील गडग्याच्या रचाईहून वेगळी नाही. यंत्राने ओतलेला दगड पुढे बसतो व झाकणाखाली पोकळी पडते. म्हणून अखेरचा थर तीन-चार सेंमी. चढ ठेवूनच झाकण ओढून शिवतात. आतील गाभ्यात जुन्या काँक्रीटचे वा दगडी बांधकामाचे तुकडे चालतात, मात्र विटांचे तुकडे भिजून भुगा होतात.

पायथ्याची रुंदी भिंतीच्या उंचीच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत ठेवतात आणि भिंत मातीकडे सु. ६ अंश कलती बसवितात. एक मीटरपर्यंतच्या भिंतीस एक मीटर रुंदीची एकच रांग पुरते. त्याहून उंच भिंतीस पायरी-पायरीने मागे सरकत जावे लागते आणि दोन मीटरपलीकडे स्थापत्य अभियंत्याकडून गणित करून घेणे अनिवार्य समजावे. भिंत व माती यांच्यामध्ये गाळणकापड अंथरले नाही, तर पावसाळ्यात माती फटींतून वाहून जाते व वरच्या हिरवळीत खड्डे पडतात. भिंत जागची हललेली नसते, म्हणून याचे कारण पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. ३० सेंमी. जाडीच्या, स्वतंत्र उभ्या शोभेच्या गॅबियनांना आत लोखंडी खांबांचा आधार लागतो. वस्तुतः त्या भिंती खांबांच्या असतात व दगड हे केवळ भरण असते. ज्या गावात कोरडी रचाई जाणणारे कारागीर आहेत व दगड चांगला आहे, तेथे कंबरेइतक्या भिंतीसाठी तारेचा पिंजरा मुळात आणावाच का, हाही विचार करण्याजोगा आहे. तारेचे आयुष्य लेपावर व हवेवर अवलंबून असते. नीट रचलेला गडगा पिढ्यान्‌पिढ्या उभा राहतो आणि ढासळलेला भाग त्याच दगडांनी पुन्हा रचता येतो.

वनस्पती व प्राणी : शिळांच्या उत्तरेकडील व पूर्वेकडील सावलीत नेचे व पानफुटी, तर तापणाऱ्या बाजूस कोरफड, घायपात यांसारख्या मांसल पानांच्या वनस्पती चांगल्या वाढतात. गॅबियनच्या वरच्या थरात मातीचे कप्पे ठेवून वेली सोडता येतात. पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजणारी पिंपळ, वड व उंबर यांची रोपे मात्र दरवर्षी पावसाळ्यानंतर उपटावी लागतात. मूळ जाड झाल्यावर ते जाळी फाडल्याशिवाय निघत नाही. फटींत सरडे, पाली, विंचू व साप आश्रय घेतात. फुरशासारखा विषारी साप दगडांच्या सांदीत राहणारा असल्याने, तो जेथे आढळतो अशा भागांत लहान मुलांच्या खेळाच्या जागेलगत व बसण्याच्या ओट्यासाठी गॅबियन योजू नये.

दगडाचे मूळ ठिकाण : धोंडा उद्यानात येतो तेव्हा तो कोठून तरी गेलेला असतो. नदीपात्रातील गोटे काढल्यास काठ व तळ यांची धूप वाढते व जलचरांचा आसरा जातो. सह्याद्रीवरील व कोकणातील जांभ्याचे सडे उजाड दिसत असले, तरी तेथील सुट्या दगडांखाली पाली, विंचू आणि पावसाळ्यात देवगांडुळासारखे उभयचर राहतात. पातळ मातीवर उगवणाऱ्या कित्येक वनस्पती अन्यत्र आढळत नाहीत. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेले साताऱ्याजवळील कास पठार अशा सड्यांपैकीच आहे. सड्यावरील शैवाकाने मढलेला दगड सुंदर असतो म्हणूनच त्याला मागणी येते, परंतु शहराच्या धुरकट हवेत ते शैवाक बहुधा मरून जाते. बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिज असून महाराष्ट्रात त्याचे उत्खनन व वाहतूक २०१३ च्या गौण खनिज नियमांनुसार परवान्याने व स्वामित्वधन भरून करावयाची असते. वाहतुकीचा परवाना पाहिल्यावाचून धोंड्यांची गाडी उतरवून घेतल्यास चोरीच्या मालाची जबाबदारी घेणाऱ्यावरही येऊ शकते.

त्यामानाने निर्वेध साठे जवळच असतात. इमारतींच्या पायाच्या, विहिरींच्या व रस्त्यांच्या खोदाईतून निघणारा दगड कोठे तरी टाकावाच लागतो. जुन्या वाड्यांचे जोते उतरविताना उत्तम डबर मिळते. खाणीतही खडीसाठी ताजा खडक हवा असतो, त्यामुळे वरचा कुजका थर प्रथम बाजूस काढला जातो. पापुद्रे सुटलेले गोल धोंडे नेमके याच थरात असतात. ते निवडण्यासाठी उद्यान आखणाऱ्याने स्वतः खाणीवर जावे, प्रत्येक शिळेची वरची बाजू व मातीत रुतलेल्या भागाची रेघ खडूने खुणावून घ्यावी आणि त्याच रेघेपर्यंत ती उद्यानात पुन्हा पुरावी.